फ्रेहाला दाखवलेलं घर

३ मार्च, सोमवार

हॉटेलसाठी आमचं घर विकत घेऊ बघणारे बेर्त्राँसाहेब आज परत घर बघून गेले. या खेपेला एका इंजिनियरला घेऊन आले होते. त्याने जिना चढून-उतरून पाहिला, ओल आलेला कोपरा नखाने खरवडला आणि समुद्राकडच्या भिंतीला कान लावून हसला. म्हणाला, पाहुण्यांना नेमकं हेच हवं असतं, उशीखाली लाटा. जन्मभर या लाटांनी माझी झोप मोडली आणि आता त्या ऐकायला माणसं पॅरिसहून येणार.

आईने चहा केला. साहेबांनी ग्लास उजेडात धरून कौतुक केलं, पुदिना कुठला ते विचारलं. आई बसली नाही. ग्लास रिकामा झाला की लगेच उचलत होती, जणू ग्लास उचलले की पाहुणेही उठतील.

घर आईच्या नावावर आहे, आजोबांकडून आलेलं. सही तिचीच लागणार. विचारलं की म्हणते, "बघू." माझ्या बायकोचं, लतीफाचं म्हणणं, आईंचं 'बघू' म्हणजे 'हो'च. मीही तसंच धरून चाललोय. वाळूच्या टेकड्यांपलीकडे नव्या वस्तीत फ्लॅट बघून ठेवलाय, भिंती कोरड्या ठणठणीत. आमच्या पोरीचा, इनासचा खोकला तिथे कमी होईल असं डॉक्टरही म्हणाले. आईसाठी बाल्कनीची खोली ठेवायची ठरवलंय. तिथून समुद्र दिसत नाही, पण आई तरी कुठे समुद्र बघत बसते.

६ मार्च, गुरुवार

वारा इतका की मराकेशहून एकही गाडी आली नाही. आम्ही गाइड लोक बंदराजवळच्या कॅफेत माश्या मारत बसलो. हम्मादी सांगत होता, साफी शहरात एका घराचा व्यवहार ऐन वेळी अडला. फ्रान्सहून कुणीतरी आला आणि म्हणाला, हे माझ्या आजोबांचं घर, आम्ही ते विकलं नव्हतं, राखायला दिलं होतं. सगळे हसले. हम्मादी माझ्याकडे बघून म्हणाला, "याच्या मल्लाह वस्तीत तर दर घरामागे असा एकेक आजोबा निघेल. सगळी यहुद्यांचीच घरं."

मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिलं. गल्लीतले म्हातारे अजून आमच्या घराला 'दार ओहायोन' म्हणतात, ओहायोनांचं घर. ते लोक माझ्या जन्माआधीच देश सोडून गेले. आजोबा बंदरावर हमाल होते. हमालाकडे असं घर कसं आलं? सुलतानाने हे शहर का वसवलं, तटावरच्या तोफा कुठून आणल्या, हे मी तीन भाषांत झोपेतही सांगेन. स्वतःच्या घराची गोष्ट मला माहीत नाही. आईला विचारायचं म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि मीठ मागून परत आलो.

९ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

गाडी अकराच्या सुमारास आली. एका दिवसात आमचं सुइरा गाव बघून संध्याकाळी मराकेशला परत जाणारी नेहमीची माणसं, वाटेत झाडावर चढलेल्या शेळ्यांचे फोटो काढून खूश झालेली. शेळ्या मालकाने वर बांधून ठेवलेल्या असतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. मीही नाही.

त्यांच्यात एक बुटकी बाई होती. साठी ओलांडलेली, टोपी उडू नये म्हणून वरून रुमाल बांधलेला. कॅनडाहून आली होती. मी तटावर उभा राहून फ्रेंचमध्ये हकिगत सांगत होतो तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. वाऱ्याकडे तोंड करून उभी होती. बाकीचे तोफांवर बसून फोटो काढायला गेले तशी ती जवळ आली आणि चक्क आमच्या बोलीत म्हणाली, "पोरा, वारा आहे तस्साच आहे रे इथला."

तिची बोली लहान मुलीची होती. अकराव्या वर्षी गाव सुटलं आणि भाषा तिथेच थांबली. माझ्याशी खेळतेस का, आई रागावेल, पोटात दुखतंय, अशी ती भाषा. त्याच शब्दांत ती गेलेल्या नवऱ्याबद्दल आणि गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होती. मग म्हणाली, "तिकडे मला फेलिसी म्हणतात. इथे मी फ्रेहा होते. ओहायोनांची फ्रेहा. माझं घर दाखवशील?"

मी गटातली माणसं मोजायला लागलो. मोजून झाल्यावर परत मोजली.

दुपारी सगळ्यांना बंदरावर भाजलेल्या सार्डिनसमोर बसवलं. तिने काही खाल्लं नाही. मी तिला घेऊन मल्लाहकडे निघालो. वाटेत ती सारखी थांबत होती. तिला काही ओळखू येईना, येणार तरी कसं, अर्धी वस्ती बुलडोझरने पाडलेली. "मला नाही सापडत," ती म्हणाली, "तू सांग."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळलं की आमचं दार. मी उजवीकडे वळलो. आधी ठरवलं होतं असं नाही. पाय वळले, असंच लिहावंसं वाटतंय, पण पाय माझेच होते.

तिथे एक पडकं घर आहे. छप्पर नाही, आत अंजिराचं झाड उगवलंय, चौकटीवर यहुद्यांचा सहा टोकांचा तारा तेवढा शाबूत. मी म्हटलं, "हे."

ती बराच वेळ बघत राहिली. मग चौकटीवर हात ठेवून रडली. आवाज नाही काही नाही, नुसते खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघत होतो. डोळे पुसून तिने विचारलं, "इथे लाटांचा आवाज यायचा ना?"

मी म्हटलं, तटाची भिंत नवीन बांधलीय, आता येत नाही.

"आमच्यानंतर कोणी राहत होतं?"

"नाही. बंदच होतं. मग वादळात पडलं."

तिने मान हलवली. भिंतीचा एक तुकडा न्यायचा होता तिला. मी माझ्या चाकूने चुन्याचा पोपडा सोडवून तिच्या रुमालात बांधून दिला. तिने माझा फोटो काढला, दारापाशी उभं करून. निघताना बक्षीस देऊ लागली. मी घेतलं नाही. गाडी गेल्यावर थोडा वेळ त्याचंच बरं वाटत होतं, की पैसे तर घेतले नाहीत.

करायचं तरी काय होतं? सही व्हायचीय. ती एकदा उंबऱ्याच्या आत आली असती तर पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक. ती उद्या कॅनडाला जाईल. तिला रडायला एक दार हवं होतं, ते मिळालं.

घरी आलो तर लतीफा वैतागलेली. आईने गच्चीवर अर्धेच कपडे वाळत घातले आणि बादली तशीच टाकून खाली आली. एक चादर उडून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. गुडघे दुखतायत म्हणाली. जेवली नाही. नव्या फ्लॅटला लिफ्ट आहे, हे तिला पुन्हा एकदा सांगितलं.

१० मार्च, सोमवार

गाडी नाही. आईने विचारलं, काल कोण लोक होते? म्हटलं, नेहमीचेच. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. आताशा विसरायला लागलीय बहुतेक.

११ मार्च, मंगळवार

सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. पडक्या दारापाशी मी, मान खाली, हातात चाकू. खाली तिने लिहिलं होतं, तुझे उपकार झाले पोरा, शुक्रवारपर्यंत मराकेशला आहे, कधी आलास तर चहाला ये.

फोन लतीफाच्या हातात होता. "हे आपल्या समोरचं पडकं घर ना? तिथे काय करत होतास?"

मी सगळं सांगितलं. मनात होतं की ती चिडेल, काहीतरी बोलेल. ती इनासचे कपडे घडी करत होती. म्हणाली, "मग बरंच केलंस की. सही होईपर्यंत उगाच कटकट नको." आणि पुढचा कपडा उचलला.

दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. तिच्या तोंडून ऐकलं आणि कानशिलं तापली. तिचा काय दोष. माझंच म्हणणं तिने मला परत दिलं.

रविवारी लिहिताना एक गोष्ट गाळली. इथेही गाळली, जिथे वाचणारं दुसरं कुणी नाही.

परत येताना, गाडी दिसायला लागली तेव्हा फ्रेहा थांबली होती. म्हणाली, "आमच्या खाली एक हमाल राहायचा. त्याची मुलगी तामू, माझ्याएवढीच. शनिवारी आम्ही विस्तवाला हात लावायचा नसायचा, तर तामू येऊन आमची चूल पेटवायची. आम्हा दोघींचे कान एकाच दिवशी टोचले. मी रडले, ती नाही रडली. आहे का ती?" हे बोलताना ती रस्त्याकडे किंवा गाडीकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "त्या नावाचं कुणी नाही इथे. जुनी माणसं सगळी कासाब्लांकाला गेली."

तामू माझी आई.

घराबद्दल खोटं बोललो त्याला निदान कारण होतं. हे कशासाठी? आई तेव्हा शंभर पावलांवर असेल, गच्चीवर कपडे वाळत घालत. मी तिला दोन वाक्यांत गावाबाहेर काढलं. आणि तोंडातून ते किती सहज गेलं, तोफांची हकिगत सांगतो तितकं सहज.

१२ मार्च, बुधवार

आज आईला सांगितलं. ती अंगणात बसून मासे साफ करत होती. मी उभ्यानेच बोललो, एका दमात, नाहीतर बोललोच नसतो. फ्रेहा आली होती. मी तिला समोरचं पडकं घर दाखवलं. तुझं नाव घेतलं तिने, आणि मी म्हटलं, अशी कुणी नाही.

वाटलं होतं, ती ताट फेकेल. तिने हातातला मासा पुरा साफ केला, धुतला, बाजूला ठेवला.

"जाड झालीय का?"

"नाही. बुटकी आहे."

"बुटकीच होती." मग थोड्या वेळाने, "रडली?"

"हो."

मला ती काहीच बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतका मी तिच्या मनातून उतरलो असेन.

मग मीच विचारलं, घर आपल्याकडे आलं कसं? गुरुवारपासून घशात अडकलेला प्रश्न. ती अगदी सरळ म्हणाली, "विकत घेतलं. कसं येणार? त्या वर्षी अख्खी गल्ली निघाली होती, घरं विकायला काढलेली, घेणारं कोणी नाही. भाव कमी होता. माझ्या बापाला ते ठाऊक होतं, तिच्या बापालाही. दुसरा एक व्यापारी जास्त देत होता, गोदाम करायला. तिचा बाप म्हणाला, गोदाम नको, तू घे, चूल पेटती राहील. काझीसमोर कागद झाला. पेटीत आहे."

म्हणजे लपवायला काहीच नव्हतं. पेटी माझ्या पलंगाखाली असते. मी रोज तिच्यावर झोपतो.

"ती अजून मराकेशला आहे?" आईने विचारलं. "मला घेऊन चल."

संध्याकाळी फ्रेहाला फोन केला. आदराने म्हटलं, लल्ला फ्रेहा, तामू माझी आई आहे, मी खोटं बोललो. तुम्ही इकडे या, खरं घर दाखवतो, उद्या स्वतः गाडी घेऊन येतो.  तिने विचारलं, "ती बरी आहे?"

"बरी आहे. तुम्ही या."

"नको पोरा. घराचं माझं रडून झालं. आता खऱ्या घरासाठी आणखी रडू कुठून आणू? तू तामूला आण."

आवाजात राग नव्हता. अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होती.

१३ मार्च, गुरुवार

सकाळच्या बसने निघालो. आईने ठेवणीतला निळा पायघोळ जिलाबा घातला होता, मांडीवर बदामाच्या चटणीची बरणी, फडक्यात बांधलेली. तिचं कुठे बाहेर जाणं नसतं. मी सवयीने सांगायला लागलो, ही इथली आर्गनची झाडं, हे अमुक गाव. ती म्हणाली, "माझ्यापुढे नको."

फ्रेहा हॉटेलच्या बागेत संत्र्याच्या झाडाखाली वाट बघत होती. मला वाटलं, धावत येऊन मिठी मारतील. तसं काही झालं नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, अनोळखी पोरी राहतात तशा. मग फ्रेहाने हात पुढे करून आईच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि म्हणाली, "बुजलं नाही अजून." आईने तिचा हात झटकला, आणि दोघी हसायला लागल्या.

त्यानंतर मी त्यांच्यात नव्हतोच. फ्रेहाकडे मोठ्या बाईची भाषा नाही, तर आईच खाली उतरून तिच्या भाषेत बोलायला लागली. माझी बाहुली, तुझा दादा, ती चोरटी मांजर, चल खोटारडे. दोन म्हाताऱ्या, आणि बोलणं अकरा वर्षांच्या पोरींचं. आईला असं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी शेजारच्या टेबलाशी बसून दुसऱ्या कुणाच्या घरात डोकावल्यासारखा ऐकत होतो.

चहा आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. फ्रेहा आईला सांगत होती, चूक तिचीच, तिलाच रस्ते आठवत नव्हते, गोंधळून तीच भलत्या दारापाशी थांबली, पोराने बिचाऱ्याने मन राखलं. फोनवर मी कबूल केलेलं असूनही ती आईसमोर मला झाकत होती. ते सहन होईना.

मी म्हटलं, "असं नाही झालं. मी मुद्दाम उजवीकडे वळलो. घर विकायचं चाललंय, तुम्ही हक्क सांगाल अशी भीती वाटली. आणि तामू कोण ते मला माहीत होतं."

फ्रेहाने पेला खाली ठेवला. "मला कळलं होतं. आमच्या घरात पाण्याचा आवाज भिंतीतून यायचा. भिंत नवी बांधली म्हणून समुद्र गप्प होतो का? आणि भुवया तामूच्या आहेत तुझ्या. तटावरच ओळखलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तामूनेच सांगून ठेवलं असेल, तिला इकडे आणू नकोस म्हणून. तिची मर्जी नसेल तर मी कशाला दार ठोठावायचं? म्हणून म्हटलं, ठीक आहे, हेच घर."

म्हणजे त्या पडक्या दारावर हात ठेवून ती घरासाठी रडत नव्हती.

मी घाईने म्हटलं, आईला काही ठाऊक नव्हतं, तिला तर मी कालच सांगितलं. आई पेल्यात चमचा फिरवत होती. साखर केव्हाच विरघळली होती तरी फिरवत होती. मान वर केली नाही. वाटलं, मैत्रिणीसमोर तिला माझी लाज वाटतेय, आणि वाटायलाच हवी.

निघताना दोघींनी मिठी मारली, फार वेळ. फ्रेहाने माझ्याशी हात मिळवला आणि आभार मानले, आईला इतक्या दूर आणल्याबद्दल.

बसमध्ये आई खिडकीशी बसली. वाटेतलं शिशावा गाव मागे पडलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "गच्चीवर होते मी."

मला कळलं नाही.

"रविवारी. कपडे वाळत घालत होते. खाली तू आणि ती. तिची चाल ओळखली मी, तिची आई अशीच चालायची, एक खांदा पुढे. तू उजवीकडे वळलास तेही बघितलं. ती रडली तेही."

मी विचारलं, "मग हाक का नाही मारलीस?"

"आधी भीती वाटली, तुला वाटली तीच. घर मागायला आलीय म्हणून. मग म्हटलं, छे, फ्रेहा ती. मग लाज वाटली. ती आत येणार, चुलीपाशी बसणार, आणि विचारणार, काय चाललंय तामू? काय सांगू तिला? तुझ्या बापाने चूल पेटती ठेवायला दिलं, आणि आम्ही हॉटेलवाल्याला देतोय? मला नाही म्हणता येत नाही म्हणून? मी खाली बसले भिंतीआड. ती जाईपर्यंत बसले."

"तू नाही म्हणत होतीस?" मी म्हटलं. "तू तर 'बघू' म्हणालीस."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "अरे, मी आणखी काय म्हणणार होते?"

 कधीपासून तिला लिफ्ट, बाल्कनी, कोरड्या भिंती सांगतोय. तिने एकदा तरी विचारलं का, तिथून समुद्र ऐकू येतो का? नाही. मी पण तिला काय हवं ते विचारलं नाही.

घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "तू तिच्या तोंडावर सांगितलंस. मी एवढा वेळ तिच्यासमोर बसून सांगितलं नाही. तिला वाटलं होतं ते खरंच होतं, आणि मी चमचा फिरवत बसले."

तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. दोन दिवस मला तिच्याकडून जे हवं होतं तेच, रागावणं. पण ते द्यायचं कसं ते मला येईना. पाण्याची बाटली उघडून दिली.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी आईने फोन लावून मागितला. फ्रेहा आज दुपारी निघणार होती. नंबर लावून दिला तशी ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी अंगणात उभा राहिलो. आधी आईचा आवाज ऐकू येत होता, एकसारखा, पाठ केल्यासारखा. मग आवाज थांबला. मग फोनमधून दुसरा आवाज, दारातून बाहेर येण्याइतका मोठा. मग काहीच नाही. मग पुन्हा फोन वाजला, आणि परत तो मोठा आवाज. लतीफा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मी तिला खुणेने गप्प बसवलं.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. डोळे ओले, आणि तोंडावर हसू दाबून धरल्यासारखं.

"काय म्हणाली?"

"रागावली."

"खूप?"

"खूप. म्हणाली, तू पहिल्यापासून भित्री, दिसायला वाघीण. कान टोचताना रडली नाहीस ती टोचणारी बाई बघत होती म्हणून, मागून गोठ्यात जाऊन रडलीस, मला माहीत आहे. मी त्या दगडांपुढे उभी राहून रडत होते आणि तू वर बसून बघत होतीस? असं म्हणून तिने फोन आपटला. मग परत केला, आणखी बोलायचं राहिलं होतं म्हणून." तिने जिलाब्याचं टोक डोळ्यांना लावलं. "सणानंतर येणार आहे. म्हणते, उरलेलं समोर बसून बोलेन. इथेच राहणार आहे, समुद्राकडच्या खोलीत."

लतीफाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बेर्त्राँसाहेबांना आजच कळवतो. आईने ऐकलं. लतीफाने आत जाऊन भांडी जरा जोरात ठेवली. इनासच्या खोलीची भिंत तेवढी खरवडून नवा गिलावा करून घ्यायला हवा. ते माझ्याच्याने होईल.

साहेबांना फोन केला. ते सभ्यपणे बोलले. मग मी आईजवळ येऊन बसलो. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"तुझ्याबद्दल?" आईने आठवून पाहिलं. "हो, म्हणाली की. मुलगा चांगला आहे तुझा, फार अदबीने वागला."

आईने ते कौतुकाने सांगितलं. मी मान खाली घालून चहा प्यायलो.